घाबरलेलं पिल्लू घरी आणलंय: उचलून घ्यायचं, एकटं सोडायचं, की लांबून खाऊ टाकायचा?

पार्किंगमधून उचललेलं किंवा रस्त्यावरच्या कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्या एखाद्या फीडर ताईंकडून आणलेलं इंडी, म्हणजे देशी कुत्र्याचं पिल्लू सोफ्याखाली घुसलंय, हात नेला की गुरगुरतंय आणि घरात जो तो वेगळा सल्ला देतोय, अशी वेळ बऱ्याच जणांवर येते, म्हणून तिन्ही मार्ग शेजारी शेजारी ठेवून सांगते.

"उचल, मांडीवर घे, दोन दिवसांत सवय होईल" हा सल्ला सगळ्यात जास्त मिळतो. आणि तो लागू पडल्यासारखा दिसतो हाच त्याचा धोका आहे, कारण पिल्लू धडपड थांबवतं, गप्प पडून राहतं आणि आपल्याला वाटतं शांत झालं बाई एकदाचं. पण तेव्हा नीट बघा, शेपूट पोटाशी घट्ट, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतोय, सारखं ओठ चाटतंय, जांभया देतंय, नाकासमोर चिकन धरलं तरी तोंड लावत नाही. पळायला जागाच नाही म्हणून ते गोठलंय. वर गुरगुरल्यावर ओरडलात तर काही पिल्लं गुरगुरणंच सोडून देतात आणि मग पुढे न सांगता थेट चावतात. मला हा मार्ग मुळीच पटत नाही.

दुसरा मार्ग, एकटं सोडा, येईल आपोआप. पहिले एक-दोन दिवस हेच बरोबर आहे. कोपऱ्यात चादर टाकलेला खोका, पाणी, टीव्ही बंद, कोणी वाकून बघायचं नाही. मोठं कुत्रं असेल तर असं आणखी काही दिवस चालेल. पिल्लाचं मात्र तसं नाही, साधारण ३ ते १४ आठवडे हा त्याचा माणसांची ओळख पटण्याचा काळ असतो. १९६१ साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात काही पिल्लं १४ आठवड्यांपर्यंत माणसांपासून लांब वाढवली होती, त्यांना नंतर माणसाळवणं फार अवघड गेलं. म्हणजे दोन महिन्यांचं पिल्लू असेल तर नुसती वाट बघत बसणं महागात पडतं.

तिसरा मार्ग मी निवडेन, खाऊचा, पण त्यातही एक चूक जवळजवळ सगळे करतात, हातावर खाऊ धरून बोलावतात. भुकेलं पिल्लू मागचे पाय मागेच ठेवून, मान लांब करून येतं, घास संपतो आणि त्याला कळतं की आपण माणसाच्या एकदम जवळ आहोत, की पुन्हा सोफ्याखाली. त्यापेक्षा जमिनीवर तिरकं बसा, डोळ्यात बघू नका, उकडलेल्या चिकनचे बारीक तुकडे (शाकाहारी घरात पनीर) त्याच्या मागच्या बाजूला टाका. आधी तुम्ही दिसायचं, मग खाऊ पडायचा, हा क्रम उलटा झाला तर चिकनचा डबा बघूनच ते सावध व्हायला लागतं. मागे जाऊन खाल्लं की त्याला लांब गेल्याचा दिलासापण मिळतो, आणि परत तुमच्याकडे वळायचं की नाही हे ते स्वतः ठरवतं. ते आपणहून हात हुंगायला लागलं की मग छातीवर किंवा हनुवटीखाली तीन सेकंद खाजवा, डोक्यावरून हात न्यायचा नाही, आणि थांबा. पुढे सरकलं तर पुन्हा, मान फिरवली तर आजच्यापुरतं बास.

ऑफिसला जाणाऱ्यांनाही हे जमतं, दिवसातून चार-पाच वेळा पाच-पाच मिनिटं पुरतात. आधी घरातलं एकच माणूस, मग बाकीचे, मग पाहुणे. लसींचा कोर्स साधारण १६ आठवड्यांपर्यंत चालतो, तोपर्यंत बाहेरच्या कुत्र्यांमध्ये सोडायचं नाही, पण माणसं घरी आली तर काही हरकत नाही, उलट यायलाच हवीत.

दोन गोष्टींसाठी मात्र वाट बघायची नाही. खोलीत कोणी नसतानाही पिल्लू दिवसभर खात नसेल, उलट्या-जुलाब होत असतील तर ती नुसती भीती समजू नका, पार्व्हो (पिल्लांना होणारा जीवघेणा विषाणूजन्य आजार) असू शकतो, टॉवेलमध्ये गुंडाळून त्याच दिवशी व्हेटकडे न्या, तेव्हा उचलावंच लागतं. आणि दात लागला, ओरखडा आला तर पिल्लू केवढंही असो, साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि लगेच दवाखान्यात जाऊन रेबीजच्या इंजेक्शनचं विचारा.