अडकलेला फिल्टर: पट्टा-पाना की स्क्रूड्रायव्हर?
बडोद्यात दांडिया बाजारात राहतो. माझ्या इंटरसेप्टर ६५० मोटरसायकलचं इंजिन ऑइल घरीच बदलतो. गेल्या खेपेला ऑइल फिल्टर (तेल गाळणारा, इंजिनाला फिरवून बसवलेला पत्र्याचा डबा) हलेचना. शेजारचे काका म्हणाले, "स्क्रूड्रायव्हर ठोक आरपार नि फिरव." ऐकलं. पातळ पत्रा टर्रकन फाटला, काळं तेल कोपरापर्यंत, आणि बूड जागच्या जागी! शेवटी छिन्नीनं कडेला टिचक्या मारत अर्ध्या तासानं सुटलं.

पट्टा-पाना, म्हणजे फिल्टरभोवती पट्टा आवळून फिरवायचा पाना, बुडाजवळ आवळला की जोर सगळीकडून सारखा बसतो. इंजिन कोमट हवं, फिल्टर कोरडा पुसलेला, नाहीतर पट्टा घसरतो. स्क्रूड्रायव्हर फुकटचा खरा, पण फसला तर पाना धरायलाही काही उरत नाही.

नव्याच्या रबरी रिंगला तेल लावा; रिंग टेकली की हातानंच साधारण पाऊण फेरा. आधीचा मी पान्यानं आवळला होता.