कोड मागणारा जुना रेडिओ: अक्षय्य तृतीया ते येळवस

ऐन उन्हाळ्यात, अक्षय्य तृतीयेच्या आसपास, गाडीची बॅटरी बसली. नवीन टाकली, गाडी एका सेल्फमध्ये चालू झाली, एसी लागला, आणि रेडिओच्या पडद्यावर 'कोड' एवढा एक शब्द अन् पुढं चार आडव्या रेषा. स्टेशन नाही, सीडी नाही, काही नाही. आता येळवस, म्हणजे आमच्याकडचा वेळ अमावस्येचा शेतातला सण, होऊन गेली आणि तोच रेडिओ अजून चालू आहे, म्हणून लिहायला हरकत नाही. गाडी सेकंडहँड आहे, लातूरला असते. कंपनीचं आणि सर्व्हिस सेंटरचं नाव मुद्दाम लिहीत नाही. त्या काळातल्या बऱ्याच गाड्यांत हा प्रकार आहे आणि मला कुणाची जिरवायची नाही.

आधी रेडिओ कोड का मागतो ते सांगतो, कारण यावरून बरीच बोलाचाली ऐकून घ्यावी लागली. रेडिओला करंट दोन वायरींनी मिळतो. एक चावी फिरवल्यावर चालू होते, दुसरी चोवीस तास चालू असते. ही दुसरी वायर बॅटरीशी कायम जोडलेली असते. घड्याळ आणि आपण लावून ठेवलेली स्टेशनं तिच्या जिवावर टिकतात. तिचा करंट तुटला की रेडिओ असं धरून चालतो की आपल्याला डॅशबोर्डातून उपटून नेलंय. बॅटरी उतरली काय, बदलली काय, किंवा मिस्त्रीनं वेल्डिंगआधी टर्मिनल काढलं काय, त्याला सगळं सारखंच. खरा कोड मात्र आतल्या एका छोट्या मेमरी चिपमध्ये साठवलेला असतो आणि तो करंट गेल्यानं पुसला जात नाही. म्हणून 'बॅटरीसंगं कोड उडाला, आता सेट बदलावाच लागंल' असं जो दुकानदार सांगतो, त्याला सेट विकायचा असतो.

हे कुलूप निघालं तेव्हा त्याला अर्थ होता. १९८० आणि ९० च्या दशकांत युरोप-अमेरिकेत काच फोडून गाडीतला रेडिओ काढून नेणं हा चोरांचा रोजचा धंदा होता. कोडशिवाय सेट चालणार नाही म्हटल्यावर तो चोरण्यात राम राहिला नाही. पण आमच्याकडं रात्रीतून काय जातं? ट्रॅक्टरची बॅटरी जाते, विहिरीवरच्या मोटारीची केबल जाते. जुन्या गाडीतल्या कंपनीच्या रेडिओला भंगारवालाही हात लावत नाही. तरी बॅटरीला कुलूप नाही, आणि ती गेली की कुलूप पडतं ते रेडिओला.

कोड असतो कुठं? नवीन गाडी घेतली असेल तर माहितीपुस्तकाच्या पाकिटात एटीएमसारखं एक छोटं कार्ड येतं. काही जण त्यावरचा स्टिकर ग्लोव्ह बॉक्सच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवतात. सेकंडहँड गाडीत हे कार्ड मिळालं तर नशीब समजा. माझी गाडी नांदेडच्या एका निवृत्त साहेबांची. फोन केला तर म्हणाले, "असंल ओ काहीतरी कार्ड, पुस्तकाच्या पिशवीत. घर बदलताना रद्दीत गेलं असंल." त्यांना दोष देत नाही. इतक्या वर्षांत त्यांना ते एकदाही लागलं नव्हतं.

भाच्यानं तेवढ्यात मोबाइलवर व्हिडिओ बघून अंदाजानं आकडे दाबायला सुरुवात केली. असं करू नका, कुणाला करूही देऊ नका. चुकीच्या आकड्यांना मर्यादा असते आणि ती प्रत्येक कंपनीची वेगळी. होंडाच्या जुन्या सेटमध्ये १ ते ६ ही स्टेशनची बटणंच कोडसाठी वापरतात, म्हणून त्या पाच आकडी कोडात ७, ८, ९ किंवा शून्य कधीच नसतात. तिथं दहा संधी मिळतात. त्या संपल्या की सेट चालू ठेवून तासभर थांबावं लागतं. मध्येच चुकीचं बटण दाबलं गेलं तर तिथं थांबायचं नाही, पाचही आकडे पुरे करायचे आणि मग बरोबर कोड टाकायचा. फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या जुन्या सेटवर 'सेफ' असं येतं, थोड्या वेळानं '१०००' दिसतं, मग १ ते ४ बटणांनी एकेक आकडा फिरवून कोड जुळवायचा. तिथं दोनदा चुकलं की साधारण तासभर कुलूप. याच कंपन्यांच्या नंतरच्या गाड्यांत रेडिओ मीटरच्या पॅनेलला ओळखतो. त्याच गाडीत परत जोडला तर कोड विचारतच नाही, दुसऱ्या गाडीत नेला तरच विचारतो. होंडाच्या नंतरच्या काही गाड्यांत चावी चालू करून रेडिओचं पॉवर बटण दोन सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरलं तरी काम होतं. म्हणून पैसे खर्च करण्याआधी आपल्या मॉडेलचं माहितीपुस्तक उघडा, पीडीएफ सहज मिळतं. माझ्या गाडीत यातलं काहीच चाललं नाही आणि भाच्याच्या उद्योगानं सेट तासभर मुका झाला तो वेगळाच.

कोड काढायला दोन नंबर लागतात. एक गाडीचा सतरा अक्षरांचा चासी नंबर, तो आरसीवर असतो. दुसरा रेडिओचा सीरियल नंबर. तो काही सेटमध्ये दोन बटणं एकदम दाबून पडद्यावर आणता येतो. माझ्या सेटचा मात्र अंगावरच्या स्टिकरवर, म्हणजे सेट बाहेर काढल्याशिवाय दिसणार नाही. सेटच्या दोन्ही कडांना बारीक भोकं असतात, त्यांत घालायच्या खास किल्ल्या येतात. आमच्या रेणापूर नाक्याकडच्या ऑटो इलेक्ट्रिकवाल्या चाचांनी त्या कधी विकत घेतल्याच नाहीत. सायकलचे जुने स्पोक वाकवले, भोकांत सारले, आतली क्लिप दाबली आणि सेट खणासारखा पुढं ओढला. "खराब नाही झाला ओ, लॉक पडलाय. नंबर घेऊन जा, खोलतील," म्हणाले. स्टिकरचा फोटो काढला, सेट परत बसवला. या कामाचे चाचांनी चहापुरते पैसे घेतले. एवढं सोपं असेल असं वाटलं नव्हतं.

सोपं नव्हतं ते सर्व्हिस सेंटर. काउंटरवरच्या मुलानं कोड वगैरे काही नसतो असं सांगितलं, मग सेट बदलायचा अंदाजखर्च काढून दिला, आणि मी सुपरवायझरला बोलवा म्हटल्यावर रेडिओचा कोड देतात हे त्याच्या अचानक लक्षात आलं. आरसीची झेरॉक्स, ओळखपत्राची झेरॉक्स, सीरियल नंबरचा फोटो आणि एक साधा अर्ज, एवढंच लागलं. आरसी माझ्या नावावर झालेली होती म्हणून निभावलं. गाडी घेतली पण नाव ट्रान्सफर केलं नाही, अशांना इथंच परत पाठवतात, आणि ते बरोबरच आहे. मालकी न बघता कोड वाटले तर कुलपाला अर्थ काय? मात्र उत्तर यायला बरेच दिवस लागले आणि त्या काळात मला फोन करायचं कुणालाही सुचलं नाही. मीच जाऊन उभा राहिलो तेव्हा कागदाच्या चिटोऱ्यावर चार आकडे लिहून मिळाले.

दरम्यान दुसरेही रस्ते समोर आले. एका मोबाइल दुरुस्तीवाल्यानं चिप उतरवून कोड वाचून देतो म्हणून सांगितलं. त्याच्याकडं चिप वाचायचं तसं यंत्र होतं आणि हे काम होतंही, पण सोल्डरिंगमध्ये बोर्ड गेला तर जबाबदारी माझी. व्हॉट्सअॅपवर सीरियल नंबर पाठवा, पैसे पाठवा, कोड घ्या असे लोकही भेटले. आरसी न विचारणाऱ्याला पैसे पाठवायचं मन झालं नाही.

चार आकडे टाकले आणि रेडिओ उघडला. सगळी स्टेशनं पुसलेली होती, ती परत लावली: आकाशवाणीची छत्रपती संभाजीनगर १०१.७, बीड १०२.९, नांदेड १०१.१, आणि मध्यम लहरींवर (एएम) परभणी १३०५. खरं सांगायचं तर एवढी खटपट या शेवटच्या स्टेशनासाठी होती. लातूरहून अंबाजोगाई, केज, मांजरसुंबा, बीड, गेवराई करत संभाजीनगरला जायचं काम मला वरचेवर पडतं. वाटेत एफएम येतं नि जातं, मोबाइलचं नेटवर्क घाटात दगा देतं, पण परभणी रस्ताभर सोबत असते. शेतीचे कार्यक्रम, बाजारभाव, दुपारची लोकगीतं. कंपनीच्या जुन्या सेटचा मध्यम लहरींचा रिसीव्हर खरोखर दणकट आहे. रात्री तर पुण्याचं ७९२ सुद्धा खरखरत का होईना लागतं. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. लायटरच्या सॉकेटात स्वस्त मोबाइल चार्जर लावला की परभणीवर सूं सूं आवाज सुरू होतो. चार्जर काढला की बंद. रेडिओ खराब झालाय म्हणून पुन्हा कुणाच्या दुकानात जाऊ नका.

पावसाळ्यात एसीच्या कामासाठी टर्मिनल काढावं लागलं आणि सेटनं परत कोड मागितला. या वेळी अर्ध्या मिनिटात काम झालं. तरी स्टेशनं परत लावायचा कंटाळा, म्हणून पुढच्या वेळी चाचांनी वेगळी युक्ती केली. यूपीएसमधली १२ व्होल्टची छोटी बॅटरी घेतली आणि स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटातून (मिस्त्री तपासणीचं यंत्र जोडतात ते) गाडीला तात्पुरता करंट दिला. त्या सॉकेटाची १६ नंबरची पिन कायम चालू असते, ४ नंबरची अर्थिंग. मग मोठी बॅटरी काढली तरी रेडिओला पत्ता लागला नाही. लायटर सॉकेटातूनही हे करतात, पण ते सॉकेट चावी बंद असताना चालू राहणारं असेल तरच. हे करताना एक धोका आहे: काढलेल्या पॉझिटिव्ह वायरीत करंट तसाच असतो. ती बॉडीला टेकली तर ठिणगी आणि फ्यूज. चाचा तिच्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवतात. ज्याला याची सवय नाही त्यानं सरळ कोड टाकावा, बरा.

मूळ दुखणं बॅटरीचं, त्यावरही थोडं. आमच्या उन्हाळ्यात ४२-४३ अंश म्हणजे नेहमीचंच, बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. थंडीत बॅटरी सेल्फ मारायला कुरकुरते, पण तिचं आयुष्य खातं ते ऊन. आतल्या प्लेटा उन्हानं लवकर गंजतात, पाणी उडतं. त्यात लग्नसराईनंतर गाडी दोन-तीन आठवडे अंगणात उभी राहिली की घड्याळ, अलार्म आणि हाच रेडिओ थोडा थोडा करंट ओढत राहतात. मी लायटरमध्ये बसणारा छोटा व्होल्टमीटर घेतला, दोन-तीनशे रुपयांचा. या सगळ्या खटाटोपातली सगळ्यात उपयोगी खरेदी हीच. सकाळी इंजिन चालू करायच्या आधी १२.६ च्या आसपास दिसलं तर बॅटरी भरलेली. १२.२ म्हणजे निम्मी उतरली. १२ च्या खाली गेली की चार्जिंगला लावायची, वाट बघायची नाही. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दिसायला हवं. त्याहून कमी दिसलं तर दोष बॅटरीचा नसून तिला चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचा किंवा त्याच्या पट्ट्याचा असू शकतो. नवीन बॅटरी घ्यायच्या आधी हे बघितलेलं बरं.

आणि बॅटरी बदलल्यावर फक्त रेडिओच बिथरत नाही. पॉवर विंडोचं एका दाबात वर जाणं बंद पडतं. काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद धरून ठेवलं की बहुतेक गाड्यांत ते परत येतं. माझ्या मीटरवर एक पिवळा दिवा लागला होता, तो थोडं अंतर चालवल्यावर आपोआप गेला.

तक्रारी? आहेत. ब्लूटूथ नाही. मोबाइल जोडायची ऑक्सची वायर गिअरच्या दांड्याला गुंतते. मागचा डावा स्पीकर ढोलकीवर फाटतो, तो बदलायचाय. कोडचा कागद आता ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवत नाही, गाडीत ठेवणं म्हणजे कुलपालाच चावी बांधणं. आरसीच्या फायलीत आहे आणि बायकोच्या फोनमध्ये आहे. कुणी जुनी गाडी घेत असेल तर दुसरी चावी मागता तसं हे कार्डही उरलेले पैसे देण्याआधी मागा. नंतर मालक फोन उचलतो, पण कार्ड सापडत नाही.

मेहुण्यानं त्याच्या गाडीत मोठ्या पडद्याचा अँड्रॉइड सेट टाकला. मागचा कॅमेरा आणि नकाशा हवा असेल तर तोच घ्या, जुन्या सेटच्या कोडमागं पळू नका, एवढे दिवस घालवणं परवडणार नाही. त्याचा आवाजही माझ्या सेटपेक्षा चांगला आहे, हे कबूल. पण येळवशीला शेतात दोन्ही गाड्या शेजारी उभ्या होत्या. त्याच्या सेटमध्ये मध्यम लहरींचा बँडच नाही. सासऱ्यांना बाजारभाव ऐकायचे होते, तर ते भज्जीची (येळवशीच्या मिसळ भाजीची) वाटी घेऊन माझ्या गाडीत येऊन बसले.