जुन्या पेट्रोल जीप-पिकअपला सीबी पॉइंट ठेवावेत की इलेक्ट्रॉनिक किट बसवावं?

खान्देशातल्या बऱ्याच जुन्या जीप-पिकअपमध्ये केव्हाच डिझेल इंजिन बसलंय. त्यांना ठिणगी पाडणारा प्लगच नाही, त्यामुळे हा प्रश्नही नाही. विलीज बनावटीचं चार सिलिंडरचं मूळ पेट्रोल इंजिन ज्यांनी सांभाळलंय, त्यांच्यासाठी हे लिहिलंय. सीबी पॉइंट म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधली (प्लगना आळीपाळीने करंट वाटणाऱ्या डब्यातली) उघडझाप करणारी जोडी; ती उघडली की कॉइलचा करंट तुटतो आणि प्लगला ठिणगी पडते. इलेक्ट्रॉनिक किट हेच काम काही न घासता करतं.

किटला पैसे घालण्याआधी दोष खरंच करंटचा, म्हणजे ठिणगीचा आहे का, ते बघा. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 च्या वर जातो. अशा दुपारी गाडी बंद पडली आणि अर्ध्या तासाने आपोआप सुरू झाली, तर एक तर पेट्रोलच्या नळीत वाफ धरलेली असते, नाही तर तापलेला कंडेन्सर (पॉइंटची तोंडं जळू न देणारी छोटी डबी) किंवा कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी) दगा देत असते. तपासणी जागेवरच करा, गार झाल्यावर काहीच सापडत नाही. प्लगची वायर काढून तिला जादा प्लग लावा, प्लगचं लोखंड ब्लॉकला टेकवा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. पेट्रोल सांडलेलं नाही एवढं आधी बघून घ्या. निळी, टचकन वाजणारी ठिणगी पडली तर करंट ठीक आहे, पेट्रोलकडे वळा. पिवळट पडली किंवा पडलीच नाही, तर पुढे चला.

टेस्ट लॅम्पचं एक टोक कॉइलच्या मायनसला, दुसरं बॉडीला लावून सेल्फ मारा. दिवा उघडझाप करतोय म्हणजे पॉइंट काम करताहेत; संशय कॉइल, कंडेन्सर, डिस्ट्रिब्युटरमधला फिरता रोटर आणि त्यावरची कॅप यांच्यावर. दिवा सतत पेटलेला राहिला तर पॉइंट मिटत नाहीत किंवा त्यांची तोंडं जळालीत. पेटलाच नाही तर पॉइंट उघडत नाहीत, कंडेन्सर शॉर्ट आहे किंवा कॉइलच्या प्लसलाच करंट येत नाही.

आता निवड. पॉइंटची खरी ताकद म्हणजे ते रस्त्यात दुरुस्त होतात. कन्नड घाटात गाडी थांबली तरी बारीक पॉलिश पेपर आणि फीलर गेजवर (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्यांवर) काम भागतं. कॅमचा उंचवटा पॉइंटच्या टाचेखाली आणायचा आणि गॅप 0.020 इंच, म्हणजे साधारण 0.5 मिमी ठेवायची. पण ही टाच झिजते. झिजली की गॅप कमी होते, टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) मागे जातं, गाडी चढाला ओढत नाही आणि उन्हाळ्यात पाणी लवकर उकळतं. म्हणजे बोनेट वरचेवर उघडावं लागतं. गॅप बदलली की टायमिंगही पुन्हा लावायचं, हे बरेच जण विसरतात. पॉइंटची तोंडं वारंवार काळीनिळी पडत असतील तर पॉइंट बदलत बसू नका, कंडेन्सर बदला.

किटमध्ये घासणारं काही नसतं, त्यामुळे सुरुवातीला नीट लावलेलं टायमिंग टिकतं. डिस्ट्रिब्युटरची बुश (शाफ्टला आधार देणारी नळी) झिजली असेल तर फरक लगेच जाणवतो. रोटर धरून शाफ्ट आडवी हलवून बघा आणि चारही उंचवट्यांवर गॅप मोजा. ती जागोजागी वेगळी भरत असेल तर पॉइंट कधीच नीट लागणार नाहीत. किट थोडा खेळ सोसतं, पण शाफ्ट फारच हलत असेल तर आधी बुश बदला.

किट मरतं ते बहुतेक वेळा बसवण्याच्या चुकीने. प्लस-मायनस उलटं लागलं की संपलं. इंजिन बंद ठेवून चावी चालू राहिली तरी किटचं मॉड्यूल तापून जळू शकतं. बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलकडे जाणारं व्होल्टेज कमी करणारा) असेल तर किटची लाल वायर त्याच्या आधी, पूर्ण 12 व्होल्टवर जोडा. कॉइल किटला साजेशी हवी. चार सिलिंडरच्या किटना सहसा 3 ओहमची लागते, नक्की आकडा किटच्या कागदावर बघा. गाडी अजून 6 व्होल्टवर असेल तर 12 व्होल्टचं किट चालणारच नाही. प्लगच्या निव्वळ तांब्याच्या वायरी काढून रेझिस्टन्सवाल्या घाला.

गाडी महिन्यातून एखाद-दोनदा निघते, शाफ्ट घट्ट आहे, तर नवे पॉइंट-कंडेन्सर घाला. किट त्यांच्या कित्येक पट महाग पडतं. रावेर-यावलच्या केळीच्या बागांत रोज भाड्याने धावणारी असेल, तर किट. मात्र गॅप लावलेली जुनी पॉइंट-प्लेट कंडेन्सर, वायर आणि दोन स्क्रूंसकट टूलबॉक्समध्ये ठेवा. किट गेलं तर झाडाखाली अर्ध्या तासात प्लेट परत चढते, पण किट बसवताना गाडीच्या मूळ वायरी न कापता नुसत्या सोडवलेल्या असतील तरच.