क्यू-स्विच्ड लेझर: काळ्या गोंदणावर नामी, वांगावर जपून

टॅटू पुसून टाकायला गेलात की बहुतेक त्वचारोग क्लिनिकांत जे यंत्र समोर येतं, ते क्यू-स्विच्ड एनडी-याग लेझर. आपल्या सावळ्या कातडीला ते मानवतं, कारण त्याचा १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा किरण मेलॅनिनमध्ये, म्हणजे कातडीला रंग देणाऱ्या द्रव्यात, कमी अडकतो आणि खोल शाईपर्यंत पोचतो. झोत जेमतेम काही नॅनोसेकंदांचा (नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग). तेवढ्यात शाईचा कण फुटतो, आजूबाजूला उष्णता फारशी पसरत नाही. फुटलेली शाई मग शरीरातल्या भक्षक पेशी गिळतात, काही लसिकेतून वाहून जाते. हे काम सावकाश चालतं, म्हणून दोन सिटिंगमध्ये सहा ते आठ आठवडे हवेतच. दर पंधरवड्याला बोलावणारं क्लिनिक खिसाही हलका करतं आणि व्रणाचा धोकाही वाढवतं.

झोत पडला की टकटक आवाज होतो आणि शाईवर पांढरा थर उमटतो. पंधरा-वीस मिनिटांत तो विरतो. थर उमटलाच नाही तर बहुधा ऊर्जा कमी पडली. रक्ताचे ठिपके किंवा मोठे फोड आले तर जास्त झाली.

सुईनं घरी गोंदलेलं काळं नाव थोडक्या सिटिंगमध्ये फिकं पडतं. पार्लरचा भरगच्च टॅटू आठ-दहा सिटिंग सहज खातो, तरी पुसट सावली राहू शकते. लाल रंगाला ५३२ नॅनोमीटरचा किरण लागतो, पण तो मेलॅनिनलाही धरतो, त्यामुळे सावळ्या कातडीवर पांढरे किंवा काळपट डाग पडू शकतात. हिरव्यासाठी ७५५ नॅनोमीटरचं अलेक्झांड्राइट लेझर किंवा याहूनही आखूड झोताचं पिकोसेकंद यंत्र आहे का, हे आधीच विचारावं. खरी फसगत पांढऱ्या आणि कातडीच्या रंगाच्या शाईत, तसंच भुवया-ओठांच्या कायमच्या मेकअपमध्ये: त्यातलं टायटॅनियम डायऑक्साइड किंवा आयर्न ऑक्साइड झोतानं काळं पडतं. तिथं आधी कोपऱ्यात एक ठिपका मारून बघायलाच हवा.

डागांचं म्हणाल तर डोळ्याभोवतीचा निळसर डाग, म्हणजे ओटा नीवस, फार छान निघतो. दुधाळ कॉफीच्या रंगाची जन्मखूण जाते आणि बऱ्याचदा परतते. वांगासाठी मात्र या लेझरचं पॅकेज घेऊच नये असं आमचं मत. चार दिवस उजळतं, मग कधी पूर्वीपेक्षा गडद होतं. तिळावर डॉक्टरनं नीट तपासल्याशिवाय लेझर नकोच.

नंतर व्हॅसलीन लावायचं, फोड फोडायचा नाही, खपली ओढायची नाही, उन्हात सनस्क्रीन.

आणि केस काढायचं लेझर किंवा आयपीएल (तीव्र प्रकाशाचे झोत सोडणारं यंत्र) टॅटूवर चालवणार असतील तर उठून निघावं. त्याचा झोत मिलिसेकंदांचा, म्हणजे कितीतरी लांब असतो. शाई तापते आणि भोवतीची कातडी भाजते.