वाळवीचं औषध इमिडाक्लोप्रिड ३०.५ एससी: जुन्या कवेलूच्या घरात कुठे चालतं, कुठे नाही

इंदूरहून सिमरोल, चोरल, मानपूरकडे जमिनीसकट एखादं जुनं कवेलूचं, म्हणजे कौलारू घर घ्यायचं आणि सुट्टीच्या दिवशी घरच्यांनी मिळून ते नीट करायचं, हा बेत बरेच जण करतात. अशा घरात रंग, वायरिंग, फर्शी या सगळ्यांच्या आधी वाळवी बघावी लागते. ती तशीच ठेवून नव्या चौकटी बसवल्या तर तो खर्च वाळवीच्या पोटात गेला म्हणून समजा. औषध विचारलं की दुकानदार बहुधा इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के एससी काढतो. प्रीमाइस हे त्यातलं जुनं नाव, पण इतरही कंपन्यांचं येतं.

औषध चांगलं आहे. जमीन आणि भिंतीचा पायथा यांसाठी पैसे टाकावेत असंच. छपराच्या लाकडासाठी मात्र ते घेऊ नका, आणि ओतायच्या द्रावणात हात आखडता घेणार असाल तर कुठेच घेऊ नका.

घेताना लेबल वाचा. सियागंजात पेस्ट कंट्रोलचा माल ठेवणाऱ्याकडे ३०.५ एससीच मिळेल, पण खत-बियाण्यांच्या दुकानात ‘इमिडा’ म्हटलं की १७.८ एसएल हातात ठेवतात. ते पिकावरच्या रस शोषणाऱ्या किडींसाठी असतं, इमारतीसाठी नव्हे. नाव तेच, काम वेगळं. उत्पादनाची आणि मुदतीची तारीखही बघा. एससी म्हणजे पाण्यात तरंगते कण. बाटली बराच काळ पडून राहिली की ते तळाशी बसतात, म्हणून मापात ओतण्याआधी ती चांगली हलवावी लागते. न हलवता ओतलं तर पहिल्या बादल्या फिक्या आणि शेवटच्या जहाल होतात.

वाळवीच्या जुन्या औषधाशी, क्लोरपायरिफॉस २० ईसीशी तुलना होणारच. त्याचा वास डोक्यात जातो, १ टक्का द्रावणासाठी १ लिटरला १९ लिटर पाणी लागतं, आणि त्यात शिरलेली वाळवी लगेच मरते, पण बाकीची ती जागा टाळून जिथे फट राहिली तिथून वर चढते. इमिडाक्लोप्रिड तिला जाणवत नाही. ती त्यातूनच ये-जा करते आणि अंगाला लागलेलं औषध बाकीच्यांपर्यंत नेते. म्हणूनच परिणाम सावकाश दिसतो. औषध टाकायच्या आधी भिंतीवरच्या मातीच्या नळ्या झाडूने साफ करायची घरातल्या मंडळींना फार घाई असते, ती करू देऊ नका. एका नळीला बोटभर खिडकी पाडा आणि शेजारी खडूने तारीख लिहा. महिन्याने खिडकी तशीच उघडी असेल आणि आतली माती कोरडी भुरभुरीत असेल तर काम झालं. ओल्या मातीने बुजवलेली असेल तर त्या भागात औषध ओतायला पाडलेली भोकं पुन्हा भरा.

आता प्रमाण. एक लिटर पाण्याला २.१ मिली, म्हणजे २० लिटरच्या बादलीला ४२ मिली. २० बाय ३० फुटांचं, मधे एक भिंत असलेलं घर धरू. आतून जमीन आणि भिंतीच्या सांध्यात दर फुटावर १२ मिमीचं, फूटभर खोल भोक आणि प्रत्येक भोकात १ लिटर. मधल्या भिंतीच्या दोन्ही बाजू धरून साधारण सव्वाशे भोकं होतात, तितकेच लिटर. बाहेरून पायाला लागून अर्धा मीटर खोल चर, त्यात पायाच्या उभ्या बाजूच्या दर चौरस मीटरला ७.५ लिटर. घेर ३० मीटर, म्हणजे साधारण १५ चौरस मीटर आणि आणखी ११०-११५ लिटर. चौकटींचे पाय आणि वाया जाणारं धरून ३०० लिटरची तयारी ठेवा. त्याला ६३० मिली औषध लागतं. २५० मिलीच्या बाटलीत ‘पूरा मकान हो जाएगा’ असं कोणी सांगितलं तर ऐकून सोडून द्या. तिच्यात १२० लिटरच बनतात. भोकांचं आणि चराचं हे माप आयएस ६३१३ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागातलं, आधीच बांधलेल्या इमारतींसाठीचं आहे. काम ठेकेदाराला देणार असाल तर चौरस फुटाचा दर नंतर विचारा, आधी किती लिटर ओतणार ते विचारा. पाठीवरचा फवारा घेऊन तासाभरात निघून जाणारा माणूस गॅरंटीचा कागद देईल, बंदोबस्त नाही.

जुन्या घरांचे पाये उथळ असतात. सगळा चर एकदम खणू नका; सहा-आठ फूट खणा, ओता, काढलेल्या मातीवरही ओतत ती परत भरा, मग पुढे सरका. पायाच्या तळाखाली कुदळ जाऊ देऊ नका. माळव्याची काळी माती इथे खरी कटकट करते. मे महिन्यात तिला हातभर भेगा असतात, ओतलेलं सगळं सरळ खाली जातं आणि पायापाशी काही उरत नाही. पावसाळ्यात ती फुगलेली असते, मग घेतच नाही. दिवाळीच्या आसपास ओल असते पण चिखल नसतो, तेव्हाच हे काम काढा. उन्हाळ्यातच करायचं असेल तर आदल्या संध्याकाळी पाणी शिंपडून भेगा मिटू द्या.

दगड-गाऱ्याच्या भिंतीत ड्रिल सांध्यातच लावायचं, दगडावर लावलं तर बिट जातं आणि दगड हलतो तो वेगळाच. कोटा फर्शीचंही तेच. गाऱ्यात पोकळ्या असतात, म्हणून नरसाळ्याने थांबून थांबून ओता. द्रावण शेजारच्या भोकातून वर आलं तर थांबा. भोकं चुना-वाळूने बुजवा, निव्वळ सिमेंटचं बूच जुन्या गाऱ्याला धरत नाही, निघून येतं.

छपराकडे वळू. तिथे आधी शत्रू ओळखा. माती दिसली तर वाळवी. टाचणीएवढी भोकं आणि खाली पिठासारखा भुगा दिसला तर घुण. बांबूला आणि सागाच्या बाहेरच्या फिकट भागाला बहुधा घुणच लागतो, आणि जमिनीत ओतलेल्या औषधाचा त्याला काही फरक पडत नाही. लाकडाला तेलातलंच औषध हवं, पाण्यातलं वरच्यावर सुकतं. पिडिलाइटच्या टर्मिनेटरसारखं तयार औषध ब्रशने लावा. जाड तुळईला ६ मिमीची तिरपी भोकं दीडशे मिमीवर पाडून त्यात भरा. भिंतीत गेलेली तुळईची टोकं स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. आत गेला तर औषध नको, सुतार बोलवा. आणि कवेलू गळत असतील तर आधी ते फेरा, म्हणजे उतरवून नीट पुन्हा बसवा. ओल्या लाकडात वाळवी परत येते.

घरच्यांत काम वाटताना एकाने फक्त मोजायचं. बादलीगणिक ४२ मिली, वहीत रेघ, दुसरं काही करायचं नाही. एक ड्रिलवर, एक नरसाळ्यावर. हातमोजे, चष्मा लागतोच. मुलं त्या दिवशी शहरातच राहू द्या, आणि सकाळचे पोहे-जिलेबी काम सुरू व्हायच्या आधी आटपा. तेलातलं औषध लावताना चूल आणि बिडी बंद. विहिरीच्या बाजूची भिंत ओतायची नाही, हे औषध पाण्याबरोबर खाली उतरतं. फुलावर आलेल्या झाडांच्या बुंध्याशीही नको, मधमाश्यांना ते घातक आहे.

पुढे नळाची लाइन टाकायला किंवा शोषखड्ड्यासाठी पायथा उकरला की तेवढ्या जागेतला औषधाच्या मातीचा पट्टा तुटतो. उरलेलं औषध त्यासाठी मूळ बाटलीतच, कुलपात ठेवा. खणलेल्या तेवढ्याच भागात त्याच मापाने पुन्हा ओतलं की झालं.