बर्तन बाजारातला पितळी सोऱ्या आणि आमचे रविवार

हा सोऱ्या घेऊन मला चार महिने झाले. चकल्यांसाठी घेतला होता, पण आज घरात मुलांच्या हाताला सगळ्यात जास्त लागलेली वस्तू हीच आहे, म्हणून लिहितो आहे. मुलगी ९ वर्षांची, मुलगा ५ वर्षांचा. बायकोला रविवारीही ड्यूटी असते, त्यामुळे सकाळ माझी आणि मुलांची.

त्याआधी मी ऑनलाइन एक तयार हस्तकलेचा डबा मागवला होता, ७०० रुपयांचा. रंगीत तुकडे, डिंक, कशावर काय चिकटवायचं याचा छापील कागद. अर्ध्या तासात संपला. मुलीनं सांगितल्याप्रमाणे चिकटवलं, मुलगा नुसता बघत बसला. मला ते फार लागलं.

सोऱ्या इथे इंदुरात, राजवाड्याजवळच्या बर्तन बाजारात घेतला, ९५० रुपयांना. दट्ट्या दाबायचा आणि आटे फिरवायचा असे दोन प्रकार होते. मुलं सोबत होती. दुकानदारानं दाबायचा परत फळीवर ठेवला आणि म्हणाला, "बच्चों के लिए पेंच वाला ही ले जाओ." सल्ला अगदी बरोबर निघाला. दाबायच्या सोऱ्याला सगळं वजन मनगटावर येतं, लहान मुलाला तो जमतच नाही. आट्याच्या सोऱ्यात मूठ पूर्ण फिरवली की दट्ट्या जेमतेम एका आट्याएवढा खाली जातो, म्हणून थोड्या जोरात काम होतं. आमच्याकडे मुलगा दोन्ही हातांनी नळी धरतो आणि ताई मूठ फिरवते. एकट्यानं होत नाही, हाच त्याचा मोठा गुण.

सोबत सहा चकत्या आल्या. चांदणीची चकलीला, बाकी बारीक-जाड शेवेच्या आणि एक पट्टीची. त्यातल्या एका चकतीची कड नीट घासलेली नव्हती, मुलीचं बोट खरचटलं. मी कानशीनं ती कड घासून घेतली. मुलांसाठी घेणार असाल तर दुकानातच प्रत्येक चकतीच्या कडेवरून बोट फिरवून बघा आणि आटे रिकाम्यानं दोनदा पूर्ण फिरवून बघा. अडकत असतील तर पीठ भरल्यावर फिरणारच नाहीत.

पहिल्या रविवारी खारी कणीक केली. २ वाट्या मैदा, १ वाटी बारीक मीठ, लागेल तसं पाणी, साधारण पाऊण वाटी. मिठामुळे बुरशी लागत नाही आणि वस्तू टिकतात. बारीक शेवेच्या चकतीतून काढली तर केस, गवत, मेंढीची लोकर. पट्टीच्या चकतीतून टोपलीची वीण. वाळवायची मात्र सावलीत, पंख्याखाली, तीन-चार दिवस, उलटत-पालटत. कडक उन्हात वरची साल आधी वाळते आणि वस्तू तडकते. आमची पहिली मेंढी तशीच गेली. ही कणीक खायची नाही हे मुलांना आधी बजावा, आणि घरात कुत्रा असेल तर त्याच्यापासून लांब ठेवा, एवढं मीठ त्याला बाधतं.

इथे एक चूक मी केली, ती तुम्ही करू नका. त्या रात्री सोऱ्या तसाच राहिला. सकाळी आत हिरवट थर. आई म्हणाली, "अरे, पितळ आहे ते. आंबटानं कळकतं तसं मिठानंही कळकतं." चिंच-मीठ लावून घासला, साबणानं धुतला, कोरडा केला, तेव्हा साफ झाला. आता नियम असा की काम झाल्याबरोबर सुटा करून धुवायचा आणि पुसायचा. ताक घातलेलं पीठ यात भरायचं नाही. खाऱ्या कणकेसाठी मी नंतर एक स्टीलचा साधा सोऱ्या वेगळा आणला. दिवाळीच्या किल्ल्यावर अर्धं गवत त्यातलं होतं, अर्धं पेरलेल्या अहळिवाचं.

पितळी सोऱ्याचं खरं काम स्वयंपाकघरातलं, आणि तिथे तो फार चांगला आहे. वजनामुळे परातीवर हलत नाही. मुलं लोणीकागदाच्या चौकोनांवर चकली पाडतात, एका चौकोनावर एक. कढईजवळ फक्त मी, मुलं ओट्यापासून दोन पावलं मागे. कागदामुळे चकली अलगद उचलून तेलात सोडता येते. पहिला घाणा तेलात विरघळला. आईनं पिठाला हात लावून सांगितलं की मोहन जास्त झालं. कोरडी भाजणी मिसळून पुन्हा मळलं, दुसरा घाणा खुसखुशीत. मुलीनं ते वहीत लिहून ठेवलं: मोहन जास्त, चकली विरघळते, मोहन कमी, चकली कडक.

शेव करताना बारीक चकतीची भोकं ओव्यानं बुजली. त्यावर आईचा उपाय म्हणजे ओवा गरम पाण्यात भिजवायचा आणि गाळलेल्या पाण्यात बेसन भिजवायचं. शिवाय बेसन आधी चाळून घ्यायचं. भोकं जितकी बारीक तितकं पीठ सैल लागतं, हे मुलाला सांगावं लागलं नाही. नळी धरून त्याच्या हातांनाच कळलं.

आमच्या शेवेत लवंगेची पूड असते, इंदुरात ती हवीच. गेल्या रविवारी पोहे मी केले, जीरावन, म्हणजे पोह्यांवरचा मसाला, मुलीनं भुरभुरलं, आणि वर शेव घालायला मुलानं कुणाला हातच लावू दिला नाही. आजीच्या बशीत त्यानं सगळ्यात जास्त घातली.