अव्हास्टचं मेल शील्ड: थंडरबर्ड वापरणाऱ्यांनी चालू ठेवावं का?

थोडक्यात, नको. मेल शील्ड म्हणजे अव्हास्ट अँटीव्हायरसचा मेल तपासणारा भाग, आणि थंडरबर्ड म्हणजे कॉम्प्युटरवर मेल वाचायचा प्रोग्रॅम. ९९३ किंवा ९९५ पोर्टवरची (सर्व्हरकडून मेल आणायच्या सुरक्षित वाटांवरची) मेल एन्क्रिप्टेड, म्हणजे कुलूपबंद असते. ती वाचण्यासाठी मेल शील्ड मध्ये बसतं आणि सर्व्हरच्या सर्टिफिकेटच्या (ओळखपत्राच्या) जागी स्वतःचं पुढे करतं. थंडरबर्डची विश्वासू सर्टिफिकेटची यादी विंडोजपेक्षा वेगळी. तिथे अव्हास्टचं रूट (मूळ) सर्टिफिकेट नसेल, तर मेल येणं थांबतं आणि सिक्युरिटी एक्सेप्शनची, म्हणजे ‘या अनोळखी सर्टिफिकेटवर विश्वास ठेवायचा का’ विचारणारी खिडकी उघडते. तिला डोळे झाकून होकार देऊ नका.

जाणाऱ्या मेलची तपासणी तर निव्वळ खोळंबा. मोठी अटॅचमेंट असली की मध्येच टाइमआउट होतो. शिवाय मेलखाली ‘व्हायरसमुक्त’ अशी सही चिकटते ती वेगळीच. ती फुकटची जाहिरात, समोरच्याला तिचा काडीचा उपयोग नाही.

मेल शील्ड बंद केल्याने तुम्ही उघड्यावर पडत नाही. अटॅचमेंट सेव्ह करताना किंवा उघडताना अव्हास्टचंच फाइल शील्ड ती तपासतंच. ते मात्र कधीच बंद करू नका. पासवर्ड लावलेली झिप दोन्ही शील्डना उघडता येत नाही. जीमेल ब्राउझरमध्येच वाचत असाल तर मेल शील्डचा संबंधच येत नाही.

सेटिंग्ज, प्रोटेक्शन, कोअर शील्ड्स, मेल शील्ड इथे जाऊन इनबाउंड (येणारी मेल), आउटबाउंड (जाणारी मेल) आणि सही यांच्यापुढच्या खुणा काढा. मग थंडरबर्डचं प्रोफाइल फोल्डर (जिथे तो मेल साठवतो) स्कॅनमधून वगळा. कारण तिथे सहसा अख्खा इनबॉक्स एकाच फाइलमध्ये असतो. एका संशयास्पद मेलपायी अँटीव्हायरसने ती फाइलच क्वारंटाइन केली (वेगळी काढून कोंडली), तर सगळा इनबॉक्स गायब.